मुंजाजीचा धडा

माझ्या भावाला यंत्रानं खाल्लं न्हाई. बिडीनं खाल्लं.

वर्ष झालं ऐकायलेय. पारावर, बाजारात, पार बारशाच्या पंगतीत. "किरणाचं काम करायचा, किरणानंच नेलं."

ज्यांना टॉर्चमधला सेल उलटा बसलेला कळत न्हाई, ते सांगायलेत.

असो. राम राम सगळ्यांना.

आज मुंजाजीचं वर्षश्राद्ध. माझा धाकटा भाऊ.

मी दुसरी पास. एका बोटानं लिहायलेय. शुद्धलेखन बघणाऱ्यानं दुसऱ्याच्या पोस्टवर जावं.

मुंजा जन्मभर एका प्रयोगशाळेत डिटेक्टर बनवायचा आन् तपासायचा. डिटेक्टर म्हंजे रेडिएशन मोजायचं यंत्र. जे डोळ्याला दिसत न्हाई, ज्याला वास न्हाई, ते हे यंत्र टिक टिक करून सांगतंय. बॉम्ब बनवत नव्हता. तेबी लोकांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहून ठिवते.

बायको आधीच गेलेली. रिटायर झाला तसा माझ्याकडं आला. माझ्या कडब्याच्या खोलीत टेबल मांडलं.

"अक्का, शाळेतल्या लेकरांसाठी एक डिटेक्टर बनवायलोय."

पहिल्यांदा चालू केलं. समोर काय न्हाई, तरी टिक. टिक टिक. टिक.

"बिघडलंय," मी म्हणलं.

"न्हाई अक्का. मातीत थोडं असतंय, विटात असतंय, आभाळातून येतंय. आपल्या अंगात बी हाय. कायमचंच. आधी हे रिकामं मोजायचं. मग वस्तू ठिवायची आन् मोजल्यातून हे वजा करायचं."

"मग धडा करायलास म्हण की."

"धडा?" त्यानं इचारलं.

ताडकळसच्या बाजारात तीस वर्षं मिरची इकली मी. गिऱ्हाईक डबा घेऊन येतंय. आधी रिकामा डबा एका पारड्यात, दुसऱ्यात खडे टाकून काटा सरळ करायचा. तो धडा. मग मिरची. न्हाईतर डब्याचं वजन मिरचीत जातंय.

"चाळीस वर्षं मी ह्याला बॅकग्राउंड म्हणायलोय," मुंजा म्हणला. "शब्द तुझ्या तागडीत होता."

"बाजारात बसला असतास तर लवकर शिकला असतास."

तवापासून त्याच्या वहीत 'धडा'च लिहिलेलं हाय.

एकदा धडाच चुकला.

रोजच्यापेक्षा टिक टिक डबल. दोन दिवस वायर काढ, वायर जोड. जेवण न्हाई, धड बोलणं न्हाई. तिसऱ्या दिवशी यंत्र हातात घेऊन खोलीभर फिरला आन् टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीपाशी वाकला. तेलात मोहरी टाकल्यागत तडतड!

"अक्का! काय ठिवलंस हितं?"

"काय न्हाई. जुनं सामान."

"यंत्र तसं म्हणत न्हाई."

पेटी उघडली. आमचे मालक वरातीला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. त्या बत्तीत लावायच्या जाळ्या, आमी मेंटल म्हणायचो, त्याची पाकिटं. घरात जागा न्हाई म्हणून मीच पेटी तिथं सरकवलेली.

"ह्या जुन्या जाळ्यांत थोरियम असतंय," मुंजा म्हणला.

"मग मी मरते का आता?"

"तुझ्याशी घासाघीस करायला यम बी भेतोय. उघडून हाताळू नको, चुरा करू नको. बाकी फिकीर न्हाई."

एक पाकीट त्यानं डबीत सीलबंद केलं आन् त्याच्यावरच यंत्र तपासायला लागला. डबी लांब नेली की टिक कमी. जवळ आणली की जास्त.

चूक माझी, फायदा त्याचा. एकदाबी थँक्यू म्हणला न्हाई.

मग यंत्र आपल्या जुन्या प्रयोगशाळेत नेऊन तिथल्या पक्क्या मापाशी लावून आणलं. "आता हे खरं बोलतंय," म्हणला, आन् शाळेला दिलं.

थोड्याच दिवसांत गेला. डॉक्टरनं फुप्फुसाचा फोटो मला दाखवला, बिडीचं नाव घेऊन सांगितलं. बिडी सोड म्हणलं की म्हणायचा, "अक्का, सगळं मोजतो, बिड्या तेवढ्या मोजत न्हाई."

तो गेला, लोक बोलायला लागले, शाळेनं यंत्र कपाटात घालून कुलूप लावलं. "पालक भेतात," म्हणले.

आता खरी गोष्ट.

मुंजानं दुसरं एक यंत्र अर्धं सोडलेलं. माझी नात वैष्णवी, अकरावीला हाय, तिनं त्याची वही बघून पुरं केलं. मागच्या आठवड्यात मी भाकरी करायले, आन् कडब्याच्या खोलीतून टिक.

रडले न्हाई. एक भाकर करपली तेवढी.

"आजी, चालतंय!"

"चालतंय ते कळलं. खरं बोलतंय का?"

पोरीनं वही उघडली. नवं माप जुन्या खऱ्या मापाशी लावल्याबिगर खरं ठरत न्हाई, किलोचं असो का किरणाचं. आन् खरं माप कुलपात.

"दोन्ही यंत्रं एका टेबलावर ठिवायचीत आजी. एकच दिवस. आधी धडा, मग डबी. चुकलं तर मी दुरुस्त करीन."

पुढं हेच शिकायचं म्हणती. शिकू द्या. मुंजा चाळीस वर्षांत जेवढा बोलला न्हाई तेवढं ही एका संध्याकाळी बोलती ह्याच्यावर.

ज्यांना भ्या वाटतंय त्यांनी बी त्या दिवशी यावं. यंत्रापुढं उभं राहा, पोरगी तुमच्या तोंडावर मोजून दाखवती. चहा माझ्याकडून.

मुंजा, डबी पेटीत हाय. वही पोरीजवळ हाय. काटा सरळ हाय. नीट जा.

खाली फुलं, जोडलेले हात, आरआयपी कुणी टाकू नगा. तुमी सगळे गप बसा.

शाळेच्या कपाटाची किल्ली ज्याच्याजवळ हाय, त्यानंच जबाब द्यायचा.