सतरा नंबरची सपाट रेघ

माझी मावशी सव्वीस वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होती, आणि मी त्याच दवाखान्याच्या तळघरात, लॅबमध्ये, दोन वर्षांपासून तंत्रज्ञ आहे. माझ्या नोकरीत तिच्या शब्दाचा वाटा किती आणि माझ्या गुणांचा किती, हा घरातला जुना वाद. माझी गुणपत्रिका पाहिलेलं कुणी त्यात पडत नाही.

पहिल्याच दिवशी तिने मला जिन्यात गाठलं. "इथे मला मावशी म्हणायचं नाही. वॉर्डात मावशी म्हटलंस की तीन बायका बादल्या घेऊन धावत येतील. सिस्टर म्हण."

"बरं, सिस्टरमावशी."

तेच नाव पडलं. पुढे मोठे डॉक्टरही तिला त्याच नावाने हाक मारू लागले, आणि त्याबद्दल तिने मला कधी माफ केलं नाही.

तिचा एकच धर्म होता: लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. औषध दिलं की त्याच मिनिटाला चार्टवर वेळ आणि सही. एखादी नवी पोरगी म्हणाली, "सिस्टर, दिलंय, लिहायचं राहिलं," की ही शांतपणे म्हणायची, "मग दिलं नाहीस." घरीही तेच. फ्रिजवर कागद लावलेला, त्यावर काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा. काका पाणी पिऊन ताटावरून उठायचे आणि परत बसायचे. "मी जेवलो खरा, पण कुठे लिहिलेलं दिसत नाही. वाढा पुन्हा."

मागच्या वर्षी आमच्या एका डॉक्टरांनी अभ्यास काढला. नर्सच्या अंगात ताण किती साठतो, ते तपासायचं. त्यासाठी रक्त नको, सुई नको. कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य ताणाबरोबर शरीरात कमीजास्त होतं आणि ते थुंकीतही उतरतं. चाळीस नर्सनी दिवसातून चार वेळा कापसाचा बोळा तोंडात धरून नळीत टाकायचा: उठल्या उठल्या, अर्ध्या तासाने, दुपारी आणि झोपताना. नळ्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्याभरात सगळा दवाखाना मला 'थुंकीवाले साहेब' म्हणू लागला.

मावशीचा नंबर सतरा. ती स्वतः नळ्या घेऊन खाली आली. प्रत्येकीवर वेळ लिहिलेली, अक्षर छापल्यासारखं. नळ्या ठेवल्या, पण गेली नाही. स्टुलावर बसली.

"बाळ्या, मला सकाळी उठवत नाही रे."

"गजर मोठा लाव."

"गजर ऐकू येतो. डोळे उघडतात. आतलं माणूस उठत नाही." मग पायांकडे बघत म्हणाली, "परवा नऊ नंबरचे आजोबा गेले. दोन महिने होते माझ्याकडे. मी चार्ट पूर्ण केला आणि चहा प्यायले. साखर कमी आहे, एवढंच वाटलं."

"वय झालं तुझं, सिस्टरमावशी."

ती हसली. मी विनोद केला की ती हसायची. ती सवय मलाच महागात पडली. खिशातून तिने घडी घातलेला कागद काढला. बदलीचा अर्ज. लसीकरणाच्या खोलीत महिनाअखेरीला जागा रिकामी होणार होती. "तिथली लेकरं रडतात, पण रडून घरी तरी जातात."

"मग देऊन टाक की."

"काय म्हणून? दमले म्हणून? दमले असं कुठे लिहिलंय? तुझ्या मशीनचा कागद येऊ दे. आकडा वाईट आला तर त्याच दिवशी देते. नाहीतर ही नुसती कुरकुर."

प्रत्येकीच्या फॉर्मवर तळाशी एक रकाना होता: 'सहभागीने स्वतःहून सांगितलेलं.' तो मी भरायचा होता. चाळीस बायका, चाळीस गाऱ्हाणी, कोण लिहीत बसणार? मी सगळ्यांच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली होती. तिच्याही मारली.

पंधरा दिवसांनी आकडे आले. ते फक्त डॉक्टरांना द्यायचे, असा नियम होता. पण मी पडलो उतावळा. बाकीच्यांचे आकडे सकाळी डोंगर चढून संध्याकाळी उतरत होते. सतरा नंबरचा सकाळी कमी, अर्ध्या तासाने कमी, दुपारी तेवढाच, झोपताना तेवढाच. पट्टी धरून आखल्यासारखी रेघ. जास्त म्हणजे ताण, एवढंच मला ठाऊक. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला मी तीन मजले धावत वर गेलो.

"सिस्टरमावशी, अभिनंदन! ताणाचं नाव नाही. बाकीच्यांचे डोंगर, तुझं पठार! नाटकं करतेस नुसती."

तिने चारही आकड्यांवरून बोट फिरवलं. "नक्की माझाच ना?"

"सतरा नंबर. तूच."

"म्हणजे मला काही झालेलं नाही."

"ठणठणीत!"

तिने खिशातला अर्ज काढला, चार तुकडे केले आणि टाकले. तेही शोधून कागदाच्याच डब्यात. इंजेक्शनच्या कचऱ्यात नाही. मग बेल वाजली आणि ती गेली. तिचा चेहरा तेव्हा मला हलका झालेला वाटला होता. चेहरा वाचायची परीक्षा असती तर मी त्यातही काठावर पास झालो असतो.

लसीकरणाची जागा दुसऱ्या एका सिस्टरला गेली. तीन महिन्यांनी, एका सकाळी, मावशी रिकामी सिरिंज हातात धरून खाटेपाशी उभी राहिली. औषध दिलं की नाही, तिला आठवेना. चार्ट पाहिला, तर तो कोरा. तिचा चार्ट, कोरा! तिनेच डॉक्टरांना बोलावलं. पेशंटला काही झालं नाही. आपल्याविरुद्धचा अहवालही तिनेच लिहिला, वेळेसकट. मेट्रनबाईंनी तिला वॉर्डातून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. ती खोली माझ्या लॅबला लागूनच आहे.

त्यानंतर महिन्याने डॉक्टरांनी सभागृहात अभ्यास मांडला. मी मागच्या रांगेत होतो. पडद्यावर डोंगर आले आणि मग तीन सपाट रेघा. डॉक्टर म्हणाले, "उठल्यावर आकडा चढायला हवा. शरीर दिवसाला तोंड द्यायला उभं राहतं, त्याची ती खूण. वर्षानुवर्षांच्या ताणानंतर काहींचं शरीर उभंच राहत नाही. या तिघींची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. अर्थात नुसत्या आकड्यावरून ठरवता येत नाही. माणसाला विचारावं लागतं. म्हणून फॉर्मवर रकाना ठेवला होता. तो दुर्दैवाने सगळ्यांचा रिकामा आला."

पुढचं मी ऐकलं नाही. खाली आलो.

मावशी फायलींना दोरी बांधत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. डोंगर, पठार, माझं शहाणपण.

तिने गाठ पूर्ण केली. "म्हणजे मी खरंच दमले होते?"

"हो."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, मी आळशी झाले."

माझ्याकडे कायम एखादा विनोद शिल्लक असतो. त्या दिवशी नव्हता.

"पण मी तुला सांगितलं होतं ना रे? उठवत नाही म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"मग लिहिलं नाहीस?"

अभ्यासाची फाईल तिच्याच खोलीत ठेवायला आली होती. तिने ती शोधली, सतरा नंबरचा फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. तळाशी माझी आडवी रेघ. तिच्या आकड्यांसारखीच सरळ. मी खिशातलं पेन काढलं. "आत्ता लिहितो, मावशी."

सिस्टर म्हणायचं राहून गेलं. तिनेही टोकलं नाही. फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

"मागचं आता लिहायचं नसतं, बाळ्या. नवी पोरं हीच चूक करतात."

आणि फॉर्म होता तिथे ठेवून तिने फाईलची दोरी बांधली.