डब्यात परत न आलेली चिठ्ठी

मी चौथी शिकलेला माणूस. धुळ्याकडून सुरतेला आलो आणि जन्मभर कडोदऱ्याला कापडाचे लूम चालवले. लिहायचं काम पडलं ते बायकोच्या चिठ्ठ्यांचं, कारण तिला अक्षर येत नव्हतं.

नवागामला एका खोलीत आमची ख्रिस्ती प्रार्थनेची सभा भरते. तिथे एक स्टीलचा डबा आहे. देवाकडे काय मागायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव टाकायचं आणि चिठ्ठी डब्यात सोडायची. मग दुसऱ्या कोणाची तरी चिठ्ठी उचलून घरी न्यायची आणि त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची. ती कोणाला दाखवायची नाही. मागणं पुरं झालं की सभेत वाचून डब्यात परत. ज्याच्यासाठी मागितलं तो माणूसच वारला, तर न वाचता परत.

शनिवारी बायको सांगायची, मी लिहायचो. गुडघा दुखतो, भाच्याला काम लागू दे. एकदा शेजारणीचं तोंड बंद होऊ दे म्हणून सांगितलं, तेही लिहिलं.

शेवटची मात्र तिने माझ्याकडून लिहून घेतली नाही. दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. मी विचारलं, काय मागितलं? तर म्हणाली, "तुम्हले काय करनं शे?"

महिन्याभरात गेली.

मी सभा सोडली. मला वाटलं, जीव मागितला असेल बिचारीने, आणि मी घाबरेन म्हणून लपवलं असेल. तिने मागूनही ज्याने दिलं नाही, त्या देवाशी मला बोलायचं नव्हतं. पाळक भेटायला आले तेव्हा त्यांना हेच तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "पण तिची चिठ्ठी डब्यात परत आलेली नाही."

हे डोक्यात बसलं. जीव मागितला असता तर चिठ्ठी केव्हाच परत यायला हवी होती. म्हणजे कोणीतरी अजून प्रार्थना करतंय. बाई मेली, आता तिच्यासाठी काय मागतंय कोणी?

आठ महिन्यांनी तेवढंच विचारायला गेलो. सभा होईपर्यंत मागे चपलांजवळ बसलो, मग पाळकांच्या बायकोला, पाळकबाईंना, गाठून विचारलं.

"ती मीच लिहून दिली," त्या म्हणाल्या. "पण सांगता येणार नाही. नियम आहे."

"नियम घाला चुलीत. बायको माझी होती."

लोक बघायला लागले. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. मराठवाड्याकडची, साड्यांना टिकल्या चिकटवून पोट भरते. ही बाई मधल्या काळात तीनदा माझ्या दारात आली होती. "भाऊ, जेवलात का? कसे जेवलात?" शेवटच्या वेळी मी "तोंडाने" म्हणून दार लावून घेतलं होतं.

"ओरडता कशाला? माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"अहो मावशी, नियम!" पाळकबाई म्हणाल्या.

"मी नुसतं विचारते. भाऊ, बसून जेवता का उभ्याने?"

लूम सोडून बसता येत नाही, धागा तुटला की लगेच सांधावा लागतो. त्यामुळे हातात भाकर घेऊन उभ्यानेच खायची सवय. घरीही तसाच खायचो. बायको पाट आपटायची, "बसा आधी." ती गेल्यापासून मी ओट्याशी उभा राहून खात होतो. हे बघायला घरात कोणी नव्हतं.

"उभ्याने," मी म्हणालो.

"मग माझी प्रार्थना चालूच." असं म्हणून तिने बायबलमधून चिठ्ठी काढली आणि नियम मोडून माझ्या हातात दिली. मी बोट ठेवून वाचली. "मी गेल्यावर ह्यांनी उभ्याने जेवू नये. कोणाजवळ तरी बसून जेवावं."

"मी गेल्यावर." म्हणजे तिला ठाऊक होतं. स्वतःचा जीव तिने मागितलाच नव्हता. देवाने तिला नाही म्हटलं नव्हतं. तिचं मागणं माझ्या ओट्याशी अडून बसलं होतं.

त्या दुपारी म्हातारीने घरी नेलं. तिच्या सुनेने डाळीत गूळ घातला होता, इथल्या गुजराती लोकांसारखा. मला गोड डाळ उतरत नाही, पण मांडी घालून बसलो आणि संपवली. हात धुताना म्हणालो, "झालं ना? आता टाका डब्यात."

"एका जेवणावर? माझी प्रार्थना इतकी स्वस्त नाही, भाऊ."

बायकोने जीव का मागितला नाही? मागितला असता तर मिळाला असता का? हे मी आता रोज देवाला विचारतो. उत्तर आलेलं नाही. पण बोलणं सुरू झालंय, आणि विचारून झाल्यावर छातीवरचं ओझं थोडं उतरतं, हे खोटं सांगत नाही.

परवाच्या रविवारी म्हातारीने चिठ्ठी उघडून हातात धरली आणि सभेच्या दारातच अडवलं.

"आठवड्यात किती दिवस?"

"पाच दिवस बसून. त्यातले दोन दिवस खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला जेवायला बोलावलं होतं."

"आणि राहिलेले दोन?"

मी चपला काढत बसलो. तिने चिठ्ठीची घडी घातली आणि परत बायबलमध्ये ठेवली.