बोडीच्या गाळातला पारा

तुमच्या बांधीत गेल्या साली जो गाळ पडला, तो बोडीत कुठून वाहून आला होता, हे तुम्ही कधी चालत जाऊन पाहिलंत का? मीही पाहिलं नव्हतं. पत्रक मात्र छापून मोकळी झाले होते.

आमचं गाव कटंगीकडचं, धानाचं. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे गावचं लहान तळं, आटली की तळाचा काळा गाळ खणून जो तो आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टाकतो. त्याच्याइतकं चांगलं खत नाही, असं माझी काकू म्हणते आणि तिचं धान पाहिलं की पटतं. पण एका साली पावसाळ्याच्या तोंडाशी बोडीच्या वर, बरडीच्या मुरमाड उंचवट्यावर, एका कबाड्यानं गोदाम टाकलं. तिथं ट्यूबलाइट, जुने थर्मामीटर, रक्तदाब मोजायची यंत्रं फोडून काच आणि धातू वेगळा करत. आतला पारा कुठं जायचा, हे कुणी विचारत नव्हतं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील भरवेलीच्या खाणीत होते. पाळीवरून परतताना त्यांच्या सायकलच्या कॅरियरला कामगार संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा असायचाच. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. त्यामुळे मला एकच रीत ठाऊक होती: अन्याय दिसला की मोठ्या टाइपात छापायचा. 'आमच्या मातीत विष!' असं पत्रक मी आठवडी बाजारात वाटलं. पुरावा म्हणून गोदामाच्या फाटकासमोरची माती डब्यात भरून जबलपूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवली.

अहवाल आला: पारा नावापुरता. लपवणं मला जमणारं नव्हतं. त्याच बाजारात उभी राहून मी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"दीदी," गोदामाचा मालक भाजीच्या दुकानापासून ओरडला, "पहले जाँच कराते हैं, फिर छपवाते हैं!"

सगळा बाजार हसला. मी घरी येऊन चुलीपाशी बसले. काकूची ट्रॉली दोन दिवसांत गाळ उचलणार होती.

"कुठली माती नेलती वं तू?" तिनं विचारलं.

"त्याच्या फाटकासमोरची."

"काहून?"

"चोर तिथंच आहे म्हणून."

"चोर तिथं हाये, पर माल दारात मांडून ठेवन का तो?" काकू हसली. "बरडी हाये ते. पाणी पडलं का वाहून जाते, ऊन लागलं का तव्यावानी तापते. मी शेणखत बी टाकत नाही तिथं, टिकतच नाही. चाल माह्या संगं."

गोदामाच्या मागच्या मोरीपासून आम्ही उताराला लागलो. नाली पळसांच्या खालून, कुजलेल्या पाल्यातून थेट बोडीत उतरत होती. काकूनं तळाचा काळा, चिकट गोळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "चिकट माती, सडलेला पाला, थांबलेलं पाणी. खत इथंच धरते. मंग जहर काहून नाही धरन?"

पुढं पुस्तकांत मला तेच सापडलं. उघड्या, तापलेल्या रेताड जमिनीतून पारा हवेत उडतो, पावसाबरोबर निघून जातो. कुजक्या पाल्याला आणि चिकणमातीला मात्र तो घट्ट बिलगतो. पाणी साचलेल्या मातीत सूक्ष्म जंतू त्याला आणखी घातक रूप देतात, आणि ते धानाच्या दाण्यापर्यंत चढू शकतं. ज्या गुणांसाठी गाव या गाळावर जीव टाकत होतं, त्याच गुणांनी पारा तिथं थांबला होता.

बोडीच्या गाळाचा दुसरा डबा जबलपूरला गेला. काकूनं ट्रॉली परत पाठवली.

"पुतणीच्या कागदापायी बांधी उपाशी ठेवतेस का वं?" शेजारणीनं टोमणा मारला.

"हौ, ठेवतो. तूही थांब चार दिस. पारा निघाला तर तुयाच पोटात जाईन."

शेजारीण थांबली. तिच्यामागं बाकीचेही थांबले. अहवाल आला तेव्हा बोडीतला एक टोपलाही गाळ कुणाच्या बांधीत पडलेला नव्हता. पारा मर्यादेच्या कितीतरी वर होता.

ग्रामसभेत मालक पुन्हा हसला. "अब कौन सी मिट्टी उठा लाई, दीदी?"

मी उठायच्या आत काकू उभी राहिली. "बोडीची. तुमच्या मोरीपासून बोडीपर्यंत मी दाखवतो, चाला. चप्पल घालून या पर, काच हाये."

या वेळी हसणारं गाव आमच्या बाजूचं होतं. गोदाम हटवायच्या ठरावाला हात वर झाले, सगळेच्या सगळे. पाऊस लागायच्या आत गोदाम उठलं, फुटलेली काच मालकालाच पोत्यांत भरून न्यावी लागली, बोडीला कुंपण पडलं. काकूच्या बांधीत त्या साली नुसतं शेणखत गेलं. धान जरा कमी उंच झालं, पण त्याचा पहिला भात आम्ही निर्धास्त जेवलो. इतका गोड भात मी आजवर खाल्ला नाही.

माझ्या नव्या पत्रकावर मथळ्याऐवजी नकाशा आहे: गोदाम, मोरी, पळस, बोडी, बांधी. बाण कुठं वळवायचा, ते काकूनं बोट ठेवून सांगितलं.

आता तुमची पाळी. यंदा गाळ उचलण्याआधी तुमच्या बोडीत उतरणाऱ्या नालीच्या काठानं वरपर्यंत चालत जा. वाटेत फुटकी ट्यूब किंवा थर्मामीटर दिसला, तर हात लावू नका, ट्रॉली थांबवा, आणि जिथं पाणी साचतं, पाला कुजतो, तिथली माती तपासायला पाठवा. कुणाच्या फाटकासमोरची नको.