आतोबांच्या दुकानातलं सत्त्याण्णव

साऱ्या जगात सत्त्याण्णव साल एकदाच आलं आणि गेलं. आमच्या आतोबांच्या दुकानात मात्र ते तीन वर्षं मुक्कामाला होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रोह्यात त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. रोह्यापासून पेणपर्यंत त्या काळात लग्न झालेली आणि त्यांच्या लाईटने डोळे न दिपलेली नवरी शोधून सापडायची नाही. त्यांच्या प्रत्येक कॅसेटची सुरुवात कुंडलिकेच्या पुलापासून. लग्न पेणला असो, खांबला असो, पहिली दोन मिनिटं कुंडलिका वाहायचीच. पेणच्या एका व्याह्यांनी विचारलं, आमच्या लग्नात ही नदी कशाला? आतोबा म्हणाले, पाणी शुभ असतं, आणि पैसे त्याचे वेगळे नाहीत. पंगतीत तर हा माणूस कॅमेरा घेऊन जिलबीच्या मागे असा लागायचा की खाणारे लाजून ताट बाजूला सारायचे.

घरात कॉम्प्युटरची बडदास्त जावयापेक्षा जास्त. त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून. आत्या घामाघूम होऊन चहा घेऊन यायची आणि म्हणायची, पुढच्या जन्मी देवा मला मॉनिटर कर. काम संपलं की आतोबा त्याला तिच्याच जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवायचे. एकदा ती म्हणाली, माझ्या अंगावर कधी इतक्या मायेने शाल घातली नाहीत. तर म्हणे, तुला कुठे धूळ लागते?

खरं तर तो कॉम्प्युटर आणला सॅमसनकाकांनी. काका आतोबांचे बालमित्र आणि धंद्यातले भागीदार. त्यांचं घर रोह्यातल्या जुन्या ज्यू घरांपैकी, बोलणं मात्र अस्सल रोह्याचं. आतोबा कॅमेरा धरायचे, काका कॉम्प्युटरवर तुकडे जोडून मिक्सिंग करायचे. काकांनीच कुठूनसं ते कमळ आणलं. मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम, प्लग-इन म्हणतात त्याला. पडद्यावर कळी यायची, एकेक पाकळी उलगडायची आणि मधोमध नवरी. पाकळ्यांचा गुलाबी रंग काकांनी आठवडाभर बसून जुळवला होता. आज कोणी हसेल, पण त्या कमळासाठी लोकांनी लग्नाच्या तारखा पुढे ढकलल्यात.

सत्त्याण्णवच्या पावसानंतर सॅमसनकाका बायको आणि लेकीला घेऊन इस्राएलला कायमचे गेले. आतोबांनी पाच किलो रोह्याचे पोहे बांधून दिले. रिबाला, म्हणजे त्यांच्या लेकीला, आतोबांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. निघताना काका म्हणाले, "हिच्या लग्नाची कॅसेट तुझ्याकडंच पाठवीन. कमळ तयार ठेव."

झालं. त्या दिवसापासून आतोबांनी कमळाला जपायला घेतलं. डिसेंबरात कळलं, त्या प्लग-इनची मुदत वर्षाअखेरपर्यंतच आहे. वर्ष सरताच आतोबांनी सरळ कॉम्प्युटरची तारीख वर्षभर मागे नेली. पुढचं वर्ष सरल्यावर पुन्हा तेच. कमळ खुशाल उघडत राहिलं. फक्त कॅसेटवर कोपऱ्यात तारीख आपोआप पडायची, ती सत्त्याण्णवची. माझं लग्न अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातलं. सत्त्याण्णवच्या मेमध्ये माझा नवरा मस्कतला होता, तरी कॅसेटमध्ये तो पेणला बोहल्यावर उभा आहे. सासूबाई अजून कॅसेट लावताना त्या कोपऱ्यावर हात धरतात.

मी तेव्हा पेणला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आतोबा, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या, असं मी किती वेळा म्हटलं असेल. पण पेणच्या एका स्टुडिओने ती घेतली होती आणि आतोबा तिथे आपलं कमळ लावून बघून आले होते. नव्यात जुनं प्लग-इन चालेना; कळीच्या जागी काळा चौकोन, आणि नवरी त्याच्यामागे. मयताला जाऊन आल्यासारखे ते घरी आले. दोन्ही आवृत्त्या एका मशीनवर नांदत नव्हत्या, आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या काकांकडून आलेल्या मूळ फ्लॉप्यांवर पावसाळ्याने बुरशी चढवलेली. जुनं एकदा काढलं की कमळ कायमचं गेलं. मग नव्याचं नाव काढायची सोय राहिली नाही.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर पार्सल आलं. आत्याने फोन करून मला बोलावून घेतलं. रिबाचं लग्न झालं होतं. पण कॅसेट नव्हती, सीडी होती, आणि तिथल्या लोकांनी सगळं मिक्सिंग करून तयारच दिलं होतं. रागावू नकोस, असं काकांनी चिठ्ठीत दोनदा लिहिलं होतं. आतोबांनी सीडी घातली, तर आमच्या जुन्या आवृत्तीला ती ओळखू येईना. ती उघडणार नव्यातच. मी म्हटलं, माझ्या क्लासवर चला, तिथे बघू.

"पोरीचं लगीन परक्याच्या दारात बघू?" आतोबा म्हणाले.

ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी कुठल्या तरी जुन्या नवरीचं कमळ एकदा उघडून बघितलं, पहिल्या पाकळीपासून शेवटच्यापर्यंत. आत्या दारात उभी होती. मग ते खुर्चीवरून बाजूला झाले.

"टाक गो नवीन."

मीच इतकी वर्षं मागे लागले होते, आणि मलाच वाटत होतं की त्यांनी नाही म्हणावं. शेवटी पिशवीतली क्लासची सीडी घालून जुनं काढलं आणि नवीन टाकलं.

रिबा दिसली, मेंदीचे हात पुढे धरून. त्यांच्या शुभकार्यातल्या मलिद्याचं ताट आलं, गूळ-खोबऱ्यात कालवलेल्या पोह्यांचं. "पोहे आपलेच असतील का गो?" आतोबांनी विचारलं. दोन वर्षांपूर्वीचे पोहे कुठले राहतात, पण आत्या पटकन म्हणाली, व्हय, आपलेच. तेवढ्यात गर्दीतून सॅमसनकाका आले, जरा वाळलेले, थेट कॅमेऱ्याकडे बघत.

"बघतोस ना रे?" ते म्हणाले. "हितं नदी नाय."

आतोबांनी ते तीनदा लावायला सांगितलं. चौथ्यांदा मला डोळ्यांतल्या पाण्याने बटण दिसेना. मग उपरण्याने तोंड पुसून ते म्हणाले, कुंडलिकेचा तुकडा काढ, सगळ्याच्या पुढं लाव, त्याला परत पाठवू.

नव्या सॉफ्टवेअरने नदी कसलीही कुरकुर न करता घेतली. पूल आला, पाणी आलं, दोन मिनिटं भरली आणि मग रिबाचं लग्न सुरू झालं. आतोबा पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होते.

"तारीख पण लाव आता," ते म्हणाले. "आजची."

मी आजची तारीख लावली.