मामीच्या मडक्यातलं यीस्ट

त्या वर्षी होळीनंतर मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून थेट विसरवाडीजवळ मामाकडे गेले. निघायच्या सकाळीही माझे हात यीस्टमध्येच होते. यीस्टच्या जनुकांमध्ये काही तुकडे असे असतात की ते स्वतःची नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसतात आणि तिथलं काम बिघडवू शकतात. त्या तुकड्यात नेमक्या जागी एक अक्षर बदललं तर तो जागचा हलत नाही. उलट, त्याला आवर घालणारं यीस्टचं जनुक मोडलं तर तो मोकाट सुटतो. मी हे दुसरं, मोकाट यीस्ट वाढवत होते.

मामीने देवाला दारूची धार द्यायची म्हणून मोहाची फुलं मडक्यात आंबत घातली होती. तिला माझं काम हौसेनं सांगताना मी ती फुलं हाताने ढवळली. पुढे मडक्याला कुजका वास सुटला. मामाने ते उकळून दारू काढायच्या आधीच चाखलं आणि त्याला उलट्या सुरू झाल्या.

मामी त्याच्या उशाशी बसून हळूच म्हणाली, "तुझं ते उड्या मारणारं याच्या पोटात गेलं का गं?"

मी नाही म्हणाले. तो तुकडा माणसाच्या अंगात शिरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी येताना प्रयोगशाळेतलाच कुडता अंगावर होता का, त्यावरून आमचं यीस्ट मडक्यात पडलं का, ते काही केल्या आठवेना. मामाचा हात गार लागला तेव्हा मला शिकलेलं काहीच खरं वाटेना.

विसरवाडीच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. खराब झालेलं पोटात गेलंय, एवढंच ते म्हणाले. मामा सावरला, पण मामी माझ्याकडे बघेना. तिने मडकं लांब नेऊन ओतलं. त्याआधी मी त्यातलं थोडं तपासायला औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतलं होतं.

आमच्या यीस्टमध्ये मोडलेल्या जनुकाच्या जागी एका औषधात यीस्टला जगवणारं जनुक बसवलेलं होतं; साधं यीस्ट त्या औषधात मरतं. पुण्याला परतल्यावर मी बाटलीतलं थोडं ते औषध घातलेल्या ताटलीत पसरलं. तिथे काही उगवलं असतं, तर ते आमचं निघण्याचीच भीती होती. शेजारच्या तशाच ताटलीत ताडून बघायला ठेवलेलं आमचं यीस्ट दाट उगवलं. मामीच्या मडक्यातलं काहीच उगवलं नाही.

मी फोन करून सांगितलं. मामी म्हणाली, "बरं झालं. पण आता मडक्याला हात लावू नको."

गेल्या होळीला गेले तेव्हा आत नवं मडकं आंबत होतं आणि तिने माझी खाट अंगणातच टाकली होती.