चोरलेलं विरजण

मी विरजण चोरलं. दह्याचं नव्हे, गाळाचं. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही त्याला विरजणच म्हणतो.

गाळात काही जिवाणू असे असतात की, हवा मिळाली नाही तर ते घाण खाताना निघालेले इलेक्ट्रॉन जवळच्या कार्बनच्या कापडाला देऊन टाकतात. त्या कापडाला तार जोडली की वीज वाहते. अगदी थोडी, पण वाहते. गाळाच्या बरणीच्या बुचाला बारीकशी फट राहिली तरी हे जिवाणू कापड सोडून हवेच्या मागे लागतात, आणि वीज उतरते. हिंगोलीजवळच्या कॉलेजात मी हेच शिकवतो. तिलाही मीच शिकवलं.

ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता माझ्याच विभागात सहकारी. डोंगरकड्याकडच्या मेंढपाळ घरातली. मेंढ्या जिथं पाणी पितात त्या डबक्याचा गाळ तिनं बरणीत भरला, रबरी बूच बसवलं आणि वरून मेण ओतलं. थोड्याच दिवसांत तिच्या एका बरणीनं माझ्या सगळ्या बरण्यांना मागे टाकलं. माझ्या बरण्यांत कयाधू नदीचा गाळ होता, आणि मीटरचा काटा हलायचं नाव घेत नव्हता.

"सर, बघा की, अजून चढून राहिलंय!" ती हाक मारायची.

मी "छान" म्हणायचो. आणि परत माझ्या मीटरकडे वळायचो.

आमचा शिपाई तर मुद्दाम माझ्या टेबलाशी थांबायचा. "मॅडमच्या बरणीवर दिवा लागंल म्हंत्यात. तुमच्या बरणीवर काय, सर? डास तरी मरतील का?"

दिवा खरंच लावायचा होता. या बरणीतलं विरजण घालून ती आणखी बरण्या भरणार होती, आणि त्या जोडून वडिलांच्या मेंढवाड्यावर दिवा लावणार होती. लांडगा उजेडाला बिचकतो. पोरगी दिवा लावणार, हे वडिलांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं.

एका सुट्टीला ती गावी गेली. मी तिच्या बरणीचं मेण नखानं सोललं, बूच काढलं, सिरिंजभर गाळ ओढला आणि माझ्या एका बरणीत सोडला.

माझ्या गावी, जवळा बाजारला, आमच्या गल्लीत विरजणाला कुणी नाही म्हणत नसे. बांधावरून अबोला धरलेली घरंसुद्धा वाटी पाठवायची आणि ती वाटी भरून यायची. मी मागितलं असतं तर तिनं हसत दिलं असतं. पण मागायचं म्हणजे माझं दूध नासलं हे कबूल करायचं. ते मला जमलं नाही.

बूच परत बसवून मेण मी अंगठ्यानं दाबून पूर्ववत केलं. ती परतल्यावर मी पाहिलं, तर बुचाच्या कडेला केसाएवढी फट होती. आणखी एकदा अंगठा फिरवला असता तर भागलं असतं. मी तिथून निघून गेलो.

माझी बरणी चढत गेली, तिची उतरत गेली. तिनं तारा बदलल्या, कापडाची जोडणी तपासली. मेणाकडे मात्र पाहिलं नाही. ते तिनं स्वतः ओतलेलं होतं, आणि दुसरं कोण हात लावणार?

"तुमचं लय भारी चालून राहिलं, सर. कुठला गाळ?"

"कयाधूचाच," मी म्हणालो. "आता जरा हात बसला."

तिला खरोखर आनंद झाला. मला तिच्या त्या आनंदाचाही हेवा वाटला.

मग एका दुपारी ती खिडकीपाशी फोनवर वडिलांशी बोलताना ऐकू आली. "आबा, दिव्याचं न्हाई जमायचं. काहून म्हंजे? माझंच चुकलं असंल काईतरी. व्हय, हसू द्या लोकाइला." फोन ठेवून तिनं बरणी उचलली आणि मोरीकडे निघाली. "गाळच नासका निघाला, सर. ओतून देते."

"ओतू नकोस." मी बरणी धरली. "बूच मी काढलं होतं. माझ्या बरणीत तुझंच विरजण आहे. फट दिसली होती मला, तरी दाबली नाही."

बुचाच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं, आणि ते त्या फटीवर येऊन थांबलं.

"मागितलं असतं तर दिलं असतं की, सर."

"माहीत होतं मला. मला माफ कर."

माझी बरणी उचलून तिनं आपल्या टेबलावर ठेवली, फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"आबा," मी म्हणालो, "मी तिचा सर बोलतोय. पोरीचं काही चुकलेलं नाही. तिचं काम मी बिघडवलं, आणि तिला खाली मान घालून तुमच्याशी बोलावं लागलं. गावाला माझंच नाव सांगा. मला माफ करा."