टिबुकलीच्या पाठीवरची तीन पिल्लं

लोणावळ्याच्या बाजारात माझं फोटोचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा माझ्या थापा जास्त चालायच्या. घाटातलं धुकं इतकं दाट की त्यावर कोट टांगून मी दाढी करतो, असं सांगितलं तरी लोक माना डोलवायचे. एकट्या माझ्या वडिलांनी कधी मान डोलवली नाही. जन्म रेल्वेत गार्ड म्हणून गेलेला. गाडी सात मिनिटं उशिरा म्हणजे सातच, आठ नाहीत.

एका भाद्रपदात ते अंथरुणाला खिळले. वैद्यांनी मला ओट्यावर नेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. नेमक्या त्याच आठवड्यात भाजे गावच्या तळ्यावर मला टिबुकली दिसली. मुठीएवढा पाणपक्षी, आणि त्याच्या पाठीवर, पंखांच्या मधोमध, तीन पिल्लं बसलेली.

घरी येऊन सांगितलं, तर वडील म्हणाले, "आणि तिकिटं कोण तपासत होतं?"

"बाबा, शप्पथ. तीन होती."

"एरवी तीस सांगितली असतीस. तीनच म्हणतोस म्हणजे काहीतरी दिसलंय खरं." दम खाऊन पुढे म्हणाले, "फोटो आण. एकदा तरी तुझं खरं बघून जाऊ दे."

पिल्लं पाठीवर बसतात जेमतेम आठवडाभर. मी मळवलीपर्यंत रेल्वेनं, पुढे डोक्यावर कॅमेरा घेऊन तळं गाठायचो. तळ्यालगत ज्यांचं शेत ते आबा माझं गिऱ्हाईक. मागल्या दिवाळीत नातवाचा फोटो काढायला आले होते. पोर कॅमेऱ्याकडे बघेना, तेव्हा मी घुंगरू वाजवून त्याला वळवलं होतं. आबांनी मला लव्हाळ्यात जागा करून दिली आणि स्वतःही मागे बसून राहिले.

तीन दिवस कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. जळवांनी माझं इतकं रक्त प्यायलं की त्या तळ्यातल्या निम्म्या जळवा माझ्या भाऊबंद झाल्या. टिबुकली यायची, पण लांब. घरी वडील रोज विचारायचे, "आला का?" आवाज रोज थोडा खाली.

चौथ्या दिवशी ती दहा हातांवर आली. कॅमेऱ्यात फोटो उमटायची काचेची एकच प्लेट, दुसरी घालेपर्यंत चूल पेटवून चहा होईल. तिची पाठ माझ्याकडे, आणि पाठीवर तीन डोकी, स्पष्ट. मी फोटो टिपायचा रबरी फुगा दाबायला बोटं आवळली.

मागून घुंगुरमाळ खणखणली.

टिबुकली पिल्लांसकट बुडाली. बोटं तोवर दाबली गेली होती.

"आबा, हे काय केलंत?"

बैलाची माळ हातात धरून आबा म्हणाले, "तिनं पाठ केलती न्हवं भाऊ? आमचं नातू बी बगत नव्हतं. तुमीच वाजिवलं, मंग कसं झ्याक बगितलं."

विद्या माझीच. दुसऱ्या दिवशी गेलो, तर पिल्लं आपापली पोहत होती.

प्लेट धुतली. पाणी, लव्हाळा आणि ती बुडाली तिथं एकमेकांत शिरलेली पाच-सहा वलयं. आबांच्या मनाला फार लागलं होतं; पाटीभर काकड्या घेऊन ते साक्ष द्यायला थेट घरी आले.

"गार्डसाहेब, ह्या डोळ्यांनी बगितलं. लय पिल्लं. धा तर व्हतीच, बारा बी असतील."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. तीन म्हणावं तर साक्षीदार खोटा, बारा म्हणावं तर मी.

आबा निघून गेल्यावर वडिलांनी काच मागितली. मीच ती खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "यातलं पिल्लाचं कुठलं?"

मी एका लहानशा वलयावर बोट ठेवलं. मला ठाऊक नव्हतं.

वडिलांनी मान डोलवली.